डावीकडच्या गल्ल्या

५ जानेवारी, सोमवार

आज ऋषभशी कडाक्याचं भांडण झालं. तो माझा साहेब, वयाने माझ्याहून लहान, नागपूरचा. अख्ख्या ऑफिसात आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे भांडण मराठीत चालतं आणि बाकीच्यांना वाटतं की आम्ही गावाकडच्या आठवणी काढतोय. आज ऐन रंगात आलो असताना आमच्या गटातली नूपुर येऊन हिंदीत विचारून गेली, "दीदी, तुमच्याकडे आत्ता थंडी असते का?"

भांडण बाणांवरून झालं. कोलकात्याजवळच्या बजबजमधल्या एका तेल डेपोची हुबेहूब नक्कल आम्ही संगणकात उभी केली आहे. टाक्या, पंपघरं, पाइपांच्या रांगा, नदीवरची जेटी आणि या सगळ्यांमधून जाणाऱ्या असंख्य गल्ल्या. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, हातात रिमोट घ्यायचा आणि आत शिरायचं. डेपोत नव्याने लागलेल्या माणसांनी खऱ्या जागी पाऊल टाकण्याआधी इथे हिंडून जागा पाठ करावी, हा हेतू. नक्कल देखणी झाली आहे. पण आत गेलेला माणूस हरवतो. कोण घामाघूम होऊन हेडसेट काढतो, कोण एकाच टाकीभोवती फिरत राहतो. एवढी मोठी खोटी जागा माणसाच्या डोक्यात खरी करून देणं हे माझं काम.

ऋषभचा उपाय: हवेत तरंगणारे हिरवे बाण. बाणामागून चाला, पोचाल. मी म्हटलं, "पोचतील, पण शिकणार काय? उद्या खऱ्या डेपोत आग लागली की हवेत बाण कोण काढणार, तू?"

तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला हवं तेवढं तत्त्वज्ञान आपल्याकडे नाही. बारा फेब्रुवारीला डेपोचे लोक बघायला येतायत."

मी खुणा मागते आहे. माणूस जागा खुणांनी ओळखतो. जुनी चिमणी, लाल पाण्याची टाकी आणि मधल्या चौकातला पिंपळ. हा पिंपळ खऱ्या डेपोत आहे, पण आमच्या लोकांनी नकलेतून गाळला, कारण तो 'उपकरण' नाही! मी तो परत लावून घेतला. बारा तारखेपर्यंत खुणांची पद्धत सिद्ध केली तर ठीक, नाहीतर बाण. आणि बाण आले की माझी खुर्ची कुणाला लागणार, हे तो बोलला नाही, पण मला समजतं.

बघू या. माझ्याकडे एक हुकमी पान आहे. बाबा.

८ जानेवारी, गुरुवार

बाबांना ऑफिसातला एक हेडसेट घरी आणून दिला. चाचणीला बाहेरची माणसं लागतातच, आणि दत्तात्रय देवधरांहून लायक माणूस मला कोलकात्यात दाखवा. सगळी नोकरी गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्यालयात, गाड्यांच्या वाहतुकीत. खिदिरपूरच्या गल्ल्यांतून आई त्यांना हरवायला बघायची आणि हे नेमके माशांच्या बाजारातून बाहेर यायचे, तिच्या आधी. ते जर माझ्या खुणांवरून जेटीपर्यंत पोचले, तर ऋषभने तोंड मिटावं.

हेडसेट चढवल्यावर म्हणाले, "ही तर टांग्याच्या घोड्याची झापडं." मग फिरत्या खुर्चीवर बसून तासभर हिंडले. पोचले नाहीत. पंपघराच्या पुढे जाऊन परत तिथेच, परत तिथेच. चिडले. "तुझा डेपो चुकलाय," म्हणाले. "जेटीकडे जायला रस्ताच ठेवलेला नाही."

रस्ता आहे. पिंपळापाशी डावीकडे. पण पहिलाच दिवस आहे, आणि त्यांच्या तब्येतीला जपायला हवं. डिसेंबरात त्यांना ती मोठी चक्कर आली होती, त्यानंतर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आहे. गोळीने सुस्ती येते म्हणे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. नोलेन गुळाचे तिळगूळ केले. इथला हा खजुराचा गूळ वड्यांना नीट धरत नाही, दरवर्षी फजिती होते आणि दरवर्षी मी तोच घेते. बाबांनी चार खाल्ले.

जेवणात मात्र त्यांनी माझा अपमान केला. आई गेल्यापासून ताट मी आईच्याच रीतीने वाढते, ऑफिसातून कितीही दमून आले तरी. उजवीकडे भाजी, आमटीची वाटी. डावीकडे मीठ, गंधराज लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. आई म्हणायची, उजव्या बाजूने पोट भरतं, डाव्या बाजूने जेवण होतं. आज मुद्दाम तिची तिळाची चटणी केली होती. बाबांनी बोटसुद्धा लावलं नाही. कोशिंबिरीलाही नाही. गेले कित्येक दिवस हेच चाललंय. विचारलं तर म्हणतात, "जेवण छान होतं." छान होतं तर ते उरलं कसं? आईच्या हाताची सर माझ्या चटणीला नाही हे मला माहीत आहे, पण तोंडाने सांगावं. असं ताटात टाकून सांगू नये.

शिवाय सणाच्या दिवशी अर्धीच दाढी. डावा गाल तसाच खुंटांचा. मी म्हटलं, "बाबा, ब्लेडचा संप आहे का?" ते आरशाकडे गेले, बघून आले आणि म्हणाले, "चांगली गुळगुळीत आहे." हट्टीपणा तरी किती!

१९ जानेवारी, सोमवार

आज चाचणीचे मार्ग छापून भिंतीवर लावले. आत फिरलेला प्रत्येक माणूस कुठून कुठे गेला, ते वरून बघितल्यासारखं रेघेने दिसतं. नूपुर हे काम फार मन लावून करते. बहुतेकांच्या रेघा झाडाच्या मुळांसारख्या पसरल्यात, चुकत-माकत, पण जेटीपर्यंत जातात. खुणा कामाला येतायत! बाबांची रेघ मात्र वेगळीच. उजवीकडे, परत उजवीकडे, परत उजवीकडे. गोलच्या गोल.

नूपुरने विचारलं, "काकू पूजो कोरछेन?" बंगालीत काकू म्हणजे काका, हे माहीत असूनही मला दर वेळी आधी नऊवारीतली बाईच दिसते. पण तिचं खरं होतं. ती रेघ म्हणजे साक्षात प्रदक्षिणा. ज्या माणसाने आईच्या आग्रहाखातरसुद्धा देवळात पाऊल टाकलं नाही, तो पंपघराला प्रदक्षिणा घालतोय! घरी येऊन हे सांगितलं तर खो-खो हसले आणि म्हणाले, "म्हातारपणी पुण्य लागतंच."

मग मी नीट बसून बघितलं. बाबांनी चुकवलेली प्रत्येक गल्ली डावीकडची आहे. अगदी प्रत्येक. याचा अर्थ साफ आहे: आपल्या डेपोत डावीकडच्या गल्ल्यांची तोंडं नीट दिसत नाहीत. एकीवर पाइपांची सावली आहे, दुसरीपुढे खांब आला आहे. बाकीचे लोक धडपडत का होईना शोधतात, बाबा सरळ चालणारे, म्हणून त्यांनी दोष उघडा पाडला. असा एक माणूस चाचणीला असावाच लागतो. ऋषभला सांगितलं की सगळ्या डाव्या गल्ल्या पुन्हा उजळायला हव्यात. तो म्हणाला, "एका माणसासाठी?" मी म्हटलं, "त्या एका माणसाने तुझ्या जन्माआधीपासून मालगाड्या वेळेवर पोचवल्यात."

तीन जण कामाला लावले. ऋषभ माझ्याकडे बघून नुसता डोकं खाजवत होता.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज सरस्वती पूजा. ऑफिसभर पिवळ्या साड्या. मी दुपारीच घरी आले तर बाबा घरात नाहीत. फोन घरातच. तशीच शोधायला पळाले.

शेवटी तीन ब्लॉक पलीकडे सापडले, एका चहावाल्याच्या बाकावर, पाहुण्यासारखे ऐटीत. दही आणायला निघाले होते. दुकान आमच्या फाटकातून बाहेर पडलं की डाव्या हाताला, पन्नास पावलांवर. म्हणाले, "दुकान उठवलं वाटतं त्यांनी. मी कितीतरी फिरलो." डाव्या पायात चप्पल नव्हती. तीही कुठे पडली त्यांना माहीत नाही.

येताना रस्ता ओलांडताना तर जीव गेलाच होता. दुभाजकापर्यंत नीट आलो, आणि पुढच्या अर्ध्यात हे सरळ निघाले, डावीकडून येणाऱ्या बसच्या समोर! मी शर्टाला धरून मागे ओढलं. ड्रायव्हरने जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, मीही त्याला उत्तर देताना मागे राहिले नाही. बाबा म्हणाले, "हॉर्न न देता अंगावर घालतात."

या न्यू टाउनमध्ये हरवत नाही कोण? सगळे रस्ते एकाच मापाचे, सगळ्या इमारती एकाच रंगाच्या, नावांच्या जागी अक्षरं आणि आकडे. बाबांना मी गार्डन रीचमधून उपटून इथे आणलं. तिथे प्रत्येक वळणाला चेहरा होता. डोळे बांधले असते तरी घरी आले असते. हीसुद्धा एक खोटी जागाच आहे, आणि हिला खुणा द्यायला कुणाला नेमलेलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार

बाबा टॅबवर मराठी पेपर वाचत होते. फेकला. म्हणाले, "हल्लीच्या बातम्यांना ना शेंडा ना बुडखा. वाक्य मधूनच सुरू होतं." खरंच आहे, हल्ली कुणाला धड लिहिता येत नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

डाव्या गल्ल्या उजळून झाल्या. खांब हलवले, सावल्या काढल्या. बाबांना परत फिरवलं. तीच प्रदक्षिणा.

ऋषभने केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "देवयानी मॅडम, राग मानू नका. काकांना एकदा कुणा मोठ्या डॉक्टरांना दाखवलं का?"

मला झीट यायची बाकी राहिली. म्हणजे डेपो समजत नाही तो माणूस आजारी! बाणांची तरफदारी करता करता हा इथपर्यंत पोचला. मी म्हटलं, "ऋषभ, माझ्या कामात खोट काढ, हवी तेवढी काढ. माझ्या बापाच्या डोक्यात काढू नकोस." तो म्हणाला, "तसं नाही म्हणत आहे मी..." मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

बाबा ठणठणीत आहेत. काल त्यांनी मला जुन्या मालगाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ म्हणून दाखवली. स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. दरवाजाच्या चौकटीला खांदा आपटतात हल्ली, डाव्या दंडावर निळे डाग आहेत, पण या फ्लॅटची दारंच अरुंद.

आता मी याला पुराव्यानेच गप्प करणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार

काय लिहू? पण लिहायचं आहे.

पुरावा असा काढला. खोट्या जागेची एक सोय असते, जी खऱ्या जागेला नसते: ती आरशासारखी उलटवता येते. नूपुरकडून सगळा डेपो उलटवून घेतला. डावं ते उजवीकडे, उजवं ते डावीकडे. माझं म्हणणं सरळ होतं. डावीकडच्या गल्ल्या सदोष असतील, तर उलट्या डेपोत त्याच गल्ल्या उजवीकडे येतील, आणि बाबा आता त्याच सदोष गल्ल्या चुकवतील. हा कागद ऋषभच्या टेबलावर आपटायचा, आणि वर माफी मागून घ्यायची.

दुपारी बाबांना बसवलं. मी शेजारी पडद्यावर बघत होते. ते निघाले. उजवीकडे आलेली पहिली 'सदोष' गल्ली, तिच्यात सुरकन शिरले. दुसरी, तीही लगेच. चौकात आल्यावर पडद्यावर मला पिंपळ दिसला, तो त्यांच्या डाव्या हाताला होता, एवढा अजस्र, पानं हलणारा, सगळ्या डेपोत एकुलता एक हिरवा. बाबा त्याच्या शेजारून निघून गेले. तो तिथे नसल्यासारखे.

"पिंपळ काढलास का गं?" त्यांनी विचारलं.

गल्ल्यांत काही दोष नव्हता. तीन माणसांनी दहा दिवस ज्या सावल्या पुसल्या, त्यांचा काही दोष नव्हता.

मी उठून ताट वाढलं. उजवीकडे फरसबीची भाजी, आमटी. डावीकडे मीठ, लिंबू, दाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर. बाबा जेवले. उजवी बाजू लख्ख. पोळीसुद्धा उजवीकडची अर्धी खाल्ली होती, डावी अर्धी तशीच. एवढे दिवस हेच ताट मी रोज उचलत होते आणि रुसत होते.

मी हात पुढे केला आणि ताट त्यांच्यासमोर फिरवलं. डावीकडचं उजवीकडे आणलं.

बाबांचा चेहरा फुलला. "अगं, आज चटणी केलीस? किती दिवसांनी!"

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. बाहेरून आवाज आला, "आईची आठवण आली बघ. तिच्यासारखीच झालीये."

मग तोंड धुतलं आणि ऋषभला फोन केला. हॅलो नाही, काही नाही. विचारलं, "मोठा डॉक्टर म्हणजे कोण? नाव सांग." त्याने नाव आणि नंबर दोन्ही लगेच सांगितले. आधीच काढून ठेवले असावेत त्याने.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तपासण्या झाल्या. डिसेंबरातली ती चक्कर म्हणजे चक्कर नव्हती. मेंदूच्या उजव्या भागाला झटका येऊन गेला होता, लहानसा. हातपाय राहिले, बोलणं राहिलं, म्हणून कुणाला कळलं नाही. डोळे उत्तम आहेत. पण डोळ्यांनी आणलेल्या डाव्या बाजूची मेंदू दखलच घेत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि ज्याला हे होतं, त्याला ते जाणवत नाही. त्याच्या लेखी जग पूर्णच असतं." आता रक्त पातळ करणारी औषधं, व्यायाम, आणि पुन्हा झटका येऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून राहायचं. किती सुधारेल ते सांगता येत नाही, पण सराव केला तर सुधारतं. उशीर झालाय, असं मी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "आलात ना? आता पुढचं बघा."

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मला वाटलं खचतील. गाडीत बसल्यावर म्हणाले, "म्हणजे अर्धा सेक्शन बंद, आणि कंट्रोलला खबर नाही! आमच्या वेळी असं झालं असतं तर दहा जण सस्पेंड केले असते."

मी हसले आणि मला परत रडू आलं.

डॉक्टरीणबाईंनी एक युक्ती सांगितली. पुस्तकाच्या पानाला, टेबलाला, डावीकडच्या कडेला लाल पट्टी चिकटवायची. तो लाल रंग दिसेपर्यंत मान वळवायची, मगच सुरुवात करायची. बाबा म्हणाले, "जन्मभर लाल दिसला की थांबत आलो. आता लाल दिसेपर्यंत शोधायचं. ठीक आहे. नियम बदलला, एवढंच."

डॉक्टरीणबाईंनी आणखीही एक सांगितलं: सध्या सगळं जेवण उजवीकडेच वाढा. तेव्हा झालेला बाबांचा चेहरा मला आवडला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

ऋषभच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "बाबांच्या बाबतीत तुझं बरोबर होतं. डाव्या गल्ल्यांच्या बाबतीत माझं चूक होतं. बाणांच्या बाबतीत तुझं अजूनही चूक आहे."

तो हसला. त्याच्या मामांना असंच झालं होतं, म्हणून त्या प्रदक्षिणा बघून त्याला शंका आली होती. हे त्याने त्या दिवशीच सांगायला हवं होतं, असं मी म्हणणार होते. पण त्या दिवशी त्याला बोलू कुणी दिलं नाही, हे आठवलं आणि गिळलं.

मग तो मदत करायला निघाला. म्हणाला, "काकांचे निकाल वगळून टाकू. सगळे तुमच्या पद्धतीवर उठून दिसतात, एक काकाच सरासरी खाली ओढतात. ते गेले की तुमचा आलेख स्वच्छ. बारा तारखेला तुमचंच पारडं जड." त्याने खरंच चांगल्या मनाने सांगितलं. आणि त्याचं गणित बरोबर होतं. बाबांना वगळलं की मी जिंकते.

मी म्हटलं, "नाही."

"अहो, का पण? ते अपवाद आहेत."

"तो अपवाद माझा बाप आहे. आणि अपवाद नाहीये तो. या शहरात असे किती असतील, डेपोत सुद्धा असतील, एका डोळ्याने अधू, एका कानाने बहिरे, कुणाला न सांगता कामावर येणारे. एवढी मोठी जागा बांधली आपण आणि त्यात त्यांनी शिरायचं नाही? स्वच्छ आलेखासाठी मी कुणाला पुसणार नाही. बाबा राहतील. आणि बारा तारखेला ते स्वतः येतील."

ऋषभ म्हणाला, "मॅडम, तुम्ही हरणार आहात."

"हरेन की. तुला काय त्याचं?"

नूपुरला सांगून डेपोत एक नवी गोष्ट घालून घेतली. हवी असेल त्याने चालू करायची. नजरेच्या डाव्या टोकाला उभी लाल पट्टी, मान पुरेशी वळवली तरच दिसणारी. तिने दोन तासांत करून दिली आणि वर विचारलं, "दीदी, उजवीकडेही ठेवू? कुणाची उजवी जात असेल." या मुलीला मी आजवर नुसते कागद छापायला लावत होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा निवृत्तीच्या दिवशीचा कोट घालून आले. दाढी पूर्ण. आरशाच्या डाव्या कडेला मी लाल पट्टी लावली आहे. पट्टी शोधायला जरा वेळ गेला, पण दाढी त्यांनी स्वतः केली.

डेपोचे तीन अधिकारी आले होते. आधी ऋषभने बाण दाखवले. नव्या भरतीतली दोन माणसं बाणांमागून भराभर जेटीवर पोचली. वाहवा झाली. मग मी म्हटलं, "आता बाण बंद करून त्यांनाच परत पाठवा." दोघं पहिल्याच चौकात उभी राहिली. माझ्या खुणांवर शिकलेली दोघं हळू गेली, एकदा चुकली, पण चिमणीकडे बघून वळली आणि पोचली.

मग मी बाबांचे मार्ग पडद्यावर लावले. सगळे, ती प्रदक्षिणा धरून. सांगितलं की हे माझे वडील, यांना काय झालंय, आणि माझी पद्धत यांच्या कामी आली नाही. बाणही येत नाहीत, कारण बाण डावीकडे वळला की यांच्या लेखी बाण संपला. ऋषभने मान खाली घातली.

बाबांनी हेडसेट चढवला. मोठ्यांदा म्हणाले, "झापडं लावली. निघालो."

पंपघरापाशी उजवीकडे वळायला लागले. आणि मग थांबले. "थांबा. लाल दिसला नाही अजून." खुर्ची डावीकडे फिरायला लागली, हळू, आणखी, आणखी. "हां. दिसला." आणि मग, अगदी वेगळ्या आवाजात: "अरे! हा पिंपळ इथेच होता होय!"

पिंपळापासून डावीकडे वळले. जेटीवर जायला त्यांना बाकीच्यांच्या तिप्पट वेळ लागला. तिथे पोचून हेडसेट काढला आणि डेपोच्या मोठ्या साहेबांना म्हणाले, "गाडी लेट आहे, पण आली."

निर्णय: बाण पहिल्या दिवसापुरते, मग बंद. खुणा कायम. लाल पट्टी कायम. म्हणजे मी अर्धीच जिंकले. ऋषभ म्हणतो अर्धा तोही जिंकला, आणि याच्यावर आम्ही जिन्यापर्यंत भांडत गेलो. नूपुरने आमच्या दोघांकडे बघत बाबांना विचारलं, "काकू, यांच्याकडे आता खूप थंडी आहे का हो?" बाबांना काही कळलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज दुपारी जेवायला बसलो. गेले काही दिवस डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे सगळं उजवीकडे वाढते आहे. भाजीला खेटून चटणी, चटणीवर कोशिंबिरीचं पाणी. बघवत नाही, पण पोटात जातंय ना, म्हणून गप्प होते.

बाबांनी ताट मागे सारलं. "हे काय ताट आहे? तुझ्या आईने बघितलं तर परत यायची. नीट वाढ."

मी म्हटलं, "बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी पोट भरायचं सांगितलंय. मला जेवायचंय. डावी बाजू डावीकडेच वाढ. आणि ताट फिरवून द्यायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. मी शोधीन."

"नाही सापडली तर?"

"तर उपाशी राहीन डाव्या बाजूपुरता. पण माझी बाजू मला न विचारता बंद करायची नाही."

मी नवीन ताट घेतलं. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडे मीठ, गंधराज लिंबाची फोड, तिळाची चटणी, कोशिंबीर. ताटाच्या डाव्या कडेखाली लाल फीत. समोर ठेवलं आणि हात मांडीखाली दाबून बसले, कारण ते ताट फिरवायला माझे हात शिवशिवत होते.

त्यांनी पोळी आणि भाजी संपवली. आमटी प्यायली. मग थांबले. मान डावीकडे वळायला लागली. भाताच्या मुदीपाशी अडली, परत उजवीकडे आली. मी ओठ आवळून धरले. परत निघाली, या वेळी मुदीच्या पलीकडे गेली, आणखी पलीकडे, आणि बोट मागोमाग चाचपडत गेलं. कोशिंबीर बोटाला लागली, ती ओलांडली. मग चटणी. बोट तोंडात गेलं.

"मीठ कमी आहे," म्हणाले.

"मीठही डावीकडेच वाढलंय," मी म्हटलं. "घ्या."

घेतलं त्यांनी.